अंगठ्याचं नख रुतलंय? कोपरा कापण्याआधी हे वाचा

रात्री पांघरूण पायाच्या अंगठ्याला नुसतं टेकलं तरी कळ मस्तकात जायची. तोवर माझी समजूत अशी की नखाचा कोपरा जरा टोचतोय, नेलकटर आत घालून तो खोलवर कापला की सुटका. आणि सुटका व्हायचीही. दोन-तीन आठवडे बरे जायचे, मग तोच कोपरा आधीपेक्षा जास्त दुखायला लागायचा. मी पुन्हा कापायचे. असं सात-आठ महिने चाललं. शेवटी नखाच्या कडेला लालबुंद, ओलसर मांस वर आलं आणि मोज्याला पू लागायला लागला, तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अंगठा बधिर केला, नखाची कड उचलली आणि आतून एक तुकडा काढून गॉजवर ठेवला. जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब, एका टोकाला निमुळता, थेट कणसाच्या कुसळासारखा. दर वेळी कोपरा कापताना आत, नजरेला न दिसणारं जे टोक शिल्लक राहायचं, तेच नखाबरोबर पुढे सरकत मांसात घुसलं होतं. ते कुसळ मी माझ्याच हाताने तयार केलं होतं.

दोन वर्षांनी माझ्या मुलाला हाच त्रास सुरू झाला. त्याचं नख मात्र घरच्या घरी सुटलं. त्या वेळी काय करायचं नाही, हे मला ठाऊक होतं. हे दोन्ही अनुभव आणि डॉक्टरांना विचारून घेतलेल्या गोष्टी इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी नीट ओळखा

उजेडात बसा, पाय मांडीवर घ्या आणि अंगठा जवळून बघा. रुतलेलं नख बहुतेक वेळा पायाच्या अंगठ्याचंच असतं. नखाच्या एका कडेची कातडी फुगलेली, लालसर आणि चकचकीत दिसते. नख तिथे कातडीखाली गेल्यासारखं वाटतं, कोपरा दिसत नाही. कडेवरून हलकं बोट दाबलं की एकाच ठिकाणी तीक्ष्ण कळ येते.

याला पुष्कळ जण नखुरडं म्हणतात आणि मलम लावून वाट बघतात. नखुरड्यात नखालगतच्या कातडीत जंतुसंसर्ग झालेला असतो. रुतलेल्या नखात संसर्ग नंतर येतो, मूळ कारण टोचणारं नख असतं. पायात काटा मोडलेला असताना वरून कितीही मलम लावलं तरी काटा काही निघत नाही, तसंच हे.

त्रास कुठवर आलाय हे ठरवायला एक जुनी, सोपी विभागणी आहे. हाइफेट्झ नावाच्या सर्जनने १९३७ मध्ये मांडलेली ती आजही वापरतात:

- पहिली पायरी: कड लाल, थोडी सुजलेली, दाबल्यावर दुखते. पू नाही.
- दुसरी पायरी: सूज वाढलेली, ठसठस, पाणी किंवा पू येतो.
- तिसरी पायरी: कडेला लाल, मऊ, जरा धक्का लागला तरी रक्त येणारं मांस वाढलेलं, नखाचा काही भाग त्याखाली झाकलेला.

घरचे उपाय पहिल्या पायरीसाठी आहेत. दुसरी नुकती सुरू झाली असेल, तर डॉक्टरांना दाखवून घरची निगा सोबत चालू ठेवता येते. तिसऱ्या पायरीवर घरी वेळ घालवू नका. मी घालवला, आणि ते सगळे महिने नुसते दुखण्यात गेले.

२. कुणी घरी अजिबात हात लावायचा नाही

हा भाग डावलून पुढे जाऊ नका. खालीलपैकी काहीही असेल, तर नख पहिल्या पायरीवर असलं तरी थेट डॉक्टरांकडे जा:

- मधुमेह
- पायाचा रक्तपुरवठा कमी असणं (चालताना पोटऱ्या भरून येणं, पावलं कायम गार पडणं)
- तळपायाची संवेदना कमी झालेली असणं
- रोगप्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं किंवा कर्करोगाचे उपचार चालू असणं

मधुमेहात पायाच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात. पाणी किती गरम आहे हे कळत नाही आणि भाजतं. जखम दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असेल तर ती भरतही नाही. ‘दुखत नाहीये, म्हणजे साधंच असेल’ हा हिशेब अशा पायांना लागू होत नाही.

तसंच लाली अंगठ्यावरून पावलाकडे पसरत असेल, पायावर वर चढणारी लाल रेघ दिसत असेल, ताप किंवा थंडी असेल, तर उद्यावर ढकलू नका.

३. जमवायचं साहित्य

- पाऊल बुडेल असा टब
- स्वच्छ, फक्त पायासाठी ठेवलेला टॉवेल
- कापूस आणि कानात वापरतात त्या कापूस गुंडाळलेल्या काड्या
- ताणली जाणारी वैद्यकीय चिकटपट्टी, साधारण दीड-दोन सेंटिमीटर रुंद
- साधं पेट्रोलियम जेली
- सरळ धारेचं, मोठं नेलकटर (हाताच्या नखांचं छोटं, वक्र धारेचं नको)
- पुढून उघडी किंवा रुंद तोंडाची पादत्राणं

चिमटा, सुई, ब्लेड, टोकदार कात्री या यादीत नाहीत, हे लक्षात घ्या.

४. भिजवा, पण मुद्दा ओळखून

कोमट पाण्यात पाऊल १० ते २० मिनिटं, दिवसातून तीन ते चार वेळा. पाणी किती गरम आहे ते हाताने बघूनच पाय घाला. पाण्यात मीठ किंवा सौम्य साबण टाकला तरी चालेल, पण काम करतं ते पाणीच. त्याने नख आणि कडेची कातडी दोन्ही मऊ पडतात, ठणका उतरतो, सुकलेला चिकट स्राव निघून जातो.

भिजवून झालं की कापूस गुंडाळलेली काडी घ्या आणि फुगलेली कड नखापासून बाहेरच्या दिशेने हलकेच लोटा. नख उचकटायचं नाही, कातडी बाजूला सारायची. सुरुवातीला जेमतेम केसाएवढी फट दिसेल. चार-पाच दिवसांत ती वाढते आणि नखाची कड कुठे जाते आहे हे डोळ्यांना दिसायला लागतं.

मग पाय नीट कोरडा करा, अगदी बोटांच्या बेचक्यांसकट. ओलसर राहिलेली कातडी पांढरी, भुसभुशीत होते आणि नख तिच्यात आणखी सहज शिरतं. माझ्या मुलाने पहिले दोन दिवस पाय भिजवून तसाच ओला बुटात घातला, आणि सूज उतरायच्या ऐवजी वाढली.

५. कापसाची वात

नखाचा कोपरा थोडा जरी दिसत असेल तर हा उपाय करण्यासारखा आहे. मऊ कोपऱ्याखाली कापसाचा आधार द्यायचा, म्हणजे नख पुढे वाढताना मांसात न जाता कातडीच्या वरून जातं.

कापसाचे थोडेसे तंतू सुटे करा आणि बोटांत वळून वात करा. जाड दोऱ्याएवढी पुरे. आम्ही पहिल्यांदा तिप्पट जाड केली होती. ती आत जाईना, आणि ढकलून घातली तर मुलाला रात्रभर झोप नाही. पाय भिजवून झाल्यावर लगेच, नख मऊ असतानाच, वातीचं एक टोक नखाच्या कोपऱ्याखाली बसवा आणि बाकीची वात कडेने अलगद आत सरकवा. काडीच्या मऊ टोकाने सरकवा, धातूच्या कशानेही नको. थोडा दाब जाणवेल. तीक्ष्ण कळ आली तर थांबा, काढून घ्या, दुसऱ्या दिवशी आणखी बारीक वात करून बघा.

वात रोज बदला. आंघोळीत भिजली तर तेव्हाच बदला. ओली वात दिवसभर तशीच ठेवली तर ती जंतूंचं घर होते.

हे किती दिवस करायचं? नखाचा कोपरा बोटाच्या पुढच्या कातडीच्या बाहेर येईपर्यंत. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं, हाताच्या नखाच्या निम्म्या वेगाने. म्हणजे कोपरा तीन मिलिमीटर आत कापलेला असेल, तर दोन महिने धरून चाला. दुखणं त्याच्या बरंच आधी थांबतं, आणि तिथेच माणसं सोडून देतात. आम्ही कॅलेंडरवर खुणा करत नऊ आठवडे नेटाने केलं.

६. चिकटपट्टीने कड ओढून धरणं

हा उपाय कमी लोकांना माहीत आहे, आणि माझ्या मते पहिल्या पायरीवर सर्वांत सुरक्षित हाच. यात नखाला हातच लावायचा नाही.

पाच-सहा सेंटिमीटर लांब पट्टी कापा. तिचं एक टोक दुखऱ्या बाजूच्या फुगलेल्या कडेवर, नखाला अगदी खेटून पण नखावर न येऊ देता, चिकटवा. एका हाताच्या अंगठ्याने ते टोक दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने पट्टी नखापासून दूर, खाली आणि तिरकी ओढत बोटाच्या पोटाखालून दुसऱ्या बाजूला न्या. ओढताना कड नखापासून सुटताना दिसली पाहिजे. ती दिसली की पट्टी बरोबर लागली. शेवटचं टोक न ताणता चिकटवा.

पट्टीचा बोटाभोवती पूर्ण वेढा होऊ देऊ नका. बोट निळसर किंवा गार पडलं, मुंग्या आल्या तर लगेच काढा. कातडी ओली किंवा तेलकट असेल तर पट्टी तासाभरात सुटते, म्हणून आधी पूर्ण कोरडं करून लावा. रोज नवी पट्टी. पुरळ आलं, खाज सुटली तर प्रकार बदला किंवा हा उपाय सोडा.

७. हमखास होणाऱ्या चुका

मी जवळजवळ सगळ्या केल्या आहेत.

कोपरा तिरपा, खोल कापणं. लगेच आराम मिळतो म्हणून माणूस पुन्हा पुन्हा करतो. कोपरा नाहीसा झाला की त्या जागी कातडी वर सरकते आणि पुढे वाढणाऱ्या नखाच्या वाटेत उभी राहते. त्यात आत एखादं टोक राहून गेलं तर ते भोसकतच जातं.

नखाच्या मधोमध इंग्रजी व्हीसारखी खाच पाडणं. खाच भरून काढायला नख मध्याकडे ओढलं जातं आणि कडा सुटतात, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. नख मुळापासून वाढतं. पुढे दिसतो तो भाग निर्जीव असतो, त्यात कुठेही खाच पाडली तरी मुळाला त्याचा पत्ता लागत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तीव्र जंतुनाशक रोज ओतणं. भरून येणाऱ्या पेशीही त्याने मरतात. साबण आणि पाणी पुरेसं आहे.

घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या घेणं. टोचणारं नख तिथेच असेल तर गोळ्या संपल्या की पू परत येतो. संसर्ग पसरत असेल तर प्रतिजैविकं लागतात, पण कोणती आणि किती दिवस हे डॉक्टरांनी ठरवायचं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, ज्यांना ते एरवी चालतं त्यांना.

८. डॉक्टरांकडे जाताना

घरी नीट निगा घेऊनही आठवडाभरात काहीच फरक नसेल, पू आला असेल, मांस वाढलं असेल किंवा हे तिसऱ्यांदा होत असेल, तर जा. जनरल सर्जन, त्वचारोगतज्ज्ञ किंवा पायांचे तज्ज्ञ, यांपैकी जे जवळ असतील ते.

सोबत न्या: चालू औषधांची यादी, मधुमेह असल्यास अलीकडचा साखरेचा रिपोर्ट, आधी या बोटावर काही केलं असेल तर त्याचे कागद. गाडी चालवू शकेल अशा कुणाला तरी सोबत घ्या, कारण भूल दिलेल्या अंगठ्याने गाडी चालवता येत नाही. पायात पुढून उघडी चप्पल घाला, येताना ड्रेसिंगवर बूट चढणार नाही.

न विचारता सांगा: रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण, कोणत्याही औषधाची अॅलर्जी. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल तर तेही सांगा. त्या औषधाने नखं रुतू शकतात, आणि हा संबंध पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

एक जपून ठेवण्याची गोष्ट. नखाखाली काळी-तपकिरी रेघ किंवा डाग पसरत असेल, वाढलेलं मांस उपचारांनंतरही बरं होत नसेल, किंवा नखाखाली टणक गाठ लागत असेल, तर ‘हे नख रुतणंच आहे ना?’ असं स्पष्ट विचारा. क्वचित त्यामागे हाडाची वाढ किंवा त्वचेचा कर्करोग निघतो, आणि एक्स-रे किंवा तुकडा तपासून ते कळतं.

९. नखाची कड काढतात तेव्हा नेमकं काय होतं

मला भीती होती पूर्ण नख उपटण्याची. पूर्वी ते सर्रास करत, आणि काही ठिकाणी अजूनही करतात. पण नुसतं नख काढलं आणि मुळाला हात लावला नाही, तर नवं नख त्याच वाटेने येतं आणि बऱ्याच जणांचं पुन्हा रुततं. म्हणून आधीच विचारा: ‘पूर्ण नख काढणार की फक्त कड? आणि त्या कडेच्या मुळाचं काय करणार?’

आता सर्वांत रूढ पद्धत आहे ती कडेची चिंचोळी पट्टी काढून तिचं मूळ फिनॉलने निकामी करण्याची. नखाच्या मुळावर फिनॉल वापरण्याची कल्पना १९४५ पासूनची आहे. (हे रसायन घरी लावायचं नसतं. ते कातडी जाळतं.)

माझा क्रम असा झाला. बोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करणाऱ्या औषधाची, इंजेक्शनं दिली. पूर्ण प्रक्रियेत दुखलं ते एवढंच, पण ते चांगलंच दुखलं: दहा-पंधरा सेकंद जळजळ आणि ताण. मग पाच-दहा मिनिटं थांबले. रक्त थांबवायला बोटाच्या बुडाशी रबरी पट्टा आवळला. नखाची तीन-चार मिलिमीटरची कड मुळापर्यंत सरळ कापून काढली, फिनॉलमध्ये बुडवलेली काडी मुळाच्या जागी काही वेळ धरली, जागा धुऊन पट्टा सोडला आणि ड्रेसिंग केलं. अर्ध्या तासात मी चालत बाहेर आले.

फिनॉल वापरलं की परत रुतण्याची शक्यता नुसतं नख काढण्यापेक्षा खूपच कमी राहते. शून्य होत नाही. त्या बाजूचं नख कायमचं थोडं अरुंद होतं. माझं झालं आहे, पण दुसऱ्या अंगठ्याशेजारी धरल्याशिवाय कळत नाही.

१०. नंतरची निगा

पहिले एक-दोन दिवस पाय जमेल तितका उशीवर, वर ठेवा. भूल उतरायच्या आधीच डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्या. पहिलं ड्रेसिंग चिकटून बसतं. ते ओढू नका, पाण्यात भिजवा, आपोआप सुटतं. त्यानंतर रोज धुणं, कोरडं करणं, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, आणि न चिकटणारं नवं ड्रेसिंग.

फिनॉलनंतर दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त, पिवळसर पातळ पाणी येत राहतं. मी तिसऱ्या आठवड्यात घाबरून धावत गेले होते. ते रसायनाने झालेल्या भाजल्याचं पाणी असतं, भरून येण्याचा भाग आहे. मात्र दुखणं दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागलं, लाली पसरली, दाट पू किंवा दुर्गंधी आली, तर दाखवा. धावणं, उड्या, फुटबॉल हे निदान दोन आठवडे बंद, आणि मग डॉक्टर म्हणतील तसं.

११. पुन्हा होऊ नये म्हणून

नख आंघोळीनंतर, मऊ असताना कापा. सरळ आडवं. एका घावात पूर्ण नख तोडू नका. तुकड्या-तुकड्याने कापा, म्हणजे टोकाला चीर जाणार नाही. पुढे एक-दोन मिलिमीटर पांढरी कड राहू द्या, आणि दोन्ही कोपरे कातडीच्या वर मोकळे दिसले पाहिजेत. मोज्याला अडकतील असे टोकदार वाटले तर नेल फाइलने एकाच दिशेला घासून टोक बोथट करा, पण गोल करू नका. कापून झाल्यावर बोटाने कोपऱ्यावरून पुढून मागे हलकं फिरवा. काही टोचलं तर आत टोक राहिलंय. नख बोटांनी सोलून काढायची सवय असेल तर ती सोडावी लागेल, कारण सोलताना कुसळ राहतंच.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून उभं राहून बघा. सर्वांत लांब बोट आणि बुटाचं टोक यांत हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, आणि बोटं आत पसरता आली पाहिजेत. फार सैलही नको, पाय पुढे घसरून नख आपटत राहतं. मुलांचे बूट दर दोन-तीन महिन्यांनी तपासा. माझ्या मुलाला त्रास सुरू झाला तेव्हा त्याचा बूट एका नंबरने लहान झाला होता आणि तो काही बोलला नव्हता. आतला तळ बाहेर काढून त्यावर पाय ठेवायला सांगितलं, तेव्हा अंगठा काठाबाहेर आलेला दिसला. घट्ट मोजेही हेच करतात.

घाम फार येत असेल तर मोजे दिवसातून एकदा बदला आणि बूट एक दिवसाआड वापरा, म्हणजे आतून पूर्ण सुकतात. वयात येणाऱ्या मुलांना याचा विशेष उपयोग होतो.

म्हाताऱ्या माणसांची नखं जाड आणि कमानीसारखी वळलेली असतात, वाकून तिथवर हातही पोचत नाही. त्यांची नखं दुसऱ्या कुणीतरी, पाय भिजवून, चांगल्या उजेडात कापावीत. तान्ह्या बाळांची नखं मऊ असल्यामुळे कडेला वळलेली दिसतात. लाली किंवा सूज नसेल तर ती वाढताना बहुधा आपणच सरळ होतात. पायजमा आणि मोजे तेवढे सैल ठेवा.

अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला १२ ते १८ महिने लागतात. ठेच लागून नख उतरलं असेल किंवा पूर्ण काढावं लागलं असेल, तर तेवढा काळ दर आठवड्याला उजेडात बघा. नवं नख पुढच्या कातडीला येऊन टेकतं तेव्हाच ते आत वळण्याची भीती असते, आणि कापसाची वात ठेवायची खरी वेळ तीच.